राणीछाप रुपया : पारख खऱ्या-खोट्याची

धनत्रयोदशीला देवघरातल्या तबकात ठेवायला, बारशाला बाळाच्या मुठीत द्यायला किंवा नुसताच जपून ठेवायला चांदीचा 'राणीछाप' रुपया हवा, ही हौस मराठी घरांत अजून टिकून आहे. ज्यांच्याकडे तो आजीच्या पेटीतून आला, त्यांना प्रश्न पडत नाही. ज्यांना विकत घ्यायचा असतो, ते मुंबईत मटण स्ट्रीटवरच्या चोर बाजारात, पुण्यात मंगळवार पेठेतल्या बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात किंवा एखाद्या मोडीच्या दुकानात जातात. तिथे चादरीवर काळवंडलेल्या रुपयांची रास असते, त्यात व्हिक्टोरिया असते, एडवर्ड असतो, दोन्ही जॉर्ज असतात. या राशीतली काही नाणी खरी असतात, काही खोटी आणि काही खरी असूनही विक्रेता सांगतो त्याच्या निम्म्याच चांदीची. तिन्हींचा भाव मात्र बहुधा एकच सांगितला जातो.

पूर्वी ही पारख करणारा माणूस गावात असे. त्याला पोतदार म्हणत. सारा भरताना किंवा बाजारात व्यवहार होताना नाणे खरे की खोटे, कसाला उतरते की नाही, हे तो सांगे. 'नाणे खणखणीत आहे', 'बंदा रुपया', 'कसाला लागणे' हे शब्दप्रयोग त्याच व्यवहारातून भाषेत आले. आज पोतदार हे केवळ आडनाव उरले आहे आणि ती जबाबदारी खरेदीदाराच्या अंगावर येऊन पडली आहे. सुदैवाने ब्रिटिश अमदानीतला रुपया हे कायद्याने आखून दिलेले नाणे आहे. त्याचे वजन, आकार, कस, त्यावरचे चित्र आणि साल यांचा मेळ ठरलेला आहे. नाणे जुने दिसते का, विक्रेता प्रामाणिक वाटतो का, यापेक्षा हा मेळ बसतो का, हे पाहणे अधिक उपयोगाचे ठरते.

रुपया म्हणजेच तोळा

१८३५ च्या १७ व्या कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या सर्व मुलखासाठी एकच रुपया ठरवला. त्याचे वजन १८० ग्रेन आणि त्यात शुद्ध चांदी १६५ ग्रेन, म्हणजे बारा भागांत अकरा भाग चांदी आणि उरलेला एक भाग हिणकस धातू. आजच्या मापात वजन ११.६६ ग्रॅम, कस ९१.७ टक्के आणि शुद्ध चांदी सुमारे १०.६९ ग्रॅम होते. व्यास साधारण साडेतीस मिलिमीटर. कंपनी गेली, राणीचे राज्य आले, नंतर तीन राजे झाले. पण १९३९ पर्यंत या आकड्यांत बदल झाला नाही. शंभर वर्षांहून अधिक काळ एकाच वजनाचे आणि एकाच कसाचे नाणे चालावे, ही परीक्षकाच्या दृष्टीने मोठीच सोय आहे.

तोळ्याचे अधिकृत वजनही १८० ग्रेनच होते. बारा मासे किंवा शहाण्णव गुंजांचा जुना तोळा आणि सरकारी रुपया एकाच भाराचे. सराफाच्या तराजूत वजन म्हणून रुपयाच टाकण्याची पद्धत यातूनच रूढ झाली. इथे एक खाचखळगा आहे. आजच्या बोलीत सराफ ज्याला तोळा म्हणतो तो बहुधा १० ग्रॅमचा असतो. 'रुपया बरोबर तोळाभर भरला' असे कोणी म्हटले, तर कोणता तोळा ते विचारून घ्यावे. १० ग्रॅम भरलेला रुपया खरा असू शकत नाही.

म्हणून जुन्या बाजारात जाताना खिशात भिंगाच्या आधी छोटा डिजिटल काटा असावा. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारे खिशात मावणारे काटे आता सहज मिळतात. न झिजलेला रुपया ११.६ ते ११.७ ग्रॅमच्या आसपास भरतो. पिढ्यानपिढ्या हातोहात फिरलेला रुपया दोन-तीन दशांश ग्रॅम कमी भरला, तर नवल नाही. पण झिजेने वजन घटते, वाढत नाही. १२ ग्रॅमचा रुपया जागच्या जागी परत करावा. तसेच नाणे दिसायला कोरे करकरीत आणि वजन मात्र ११ ग्रॅम, हा मेळही बसत नाही. अधेली, पावली आणि चवली यांचे वजन रुपयाच्या अनुक्रमे निम्मे, पाव आणि अष्टमांश, म्हणजे ५.८३, २.९२ आणि १.४६ ग्रॅम. मात्र १९१९ च्या सुमारास सरकारने आठ आणे आणि चार आणे ही नाणी तांबे-निकेलच्या मिश्रणातही काढली होती. ती खरी असली तरी त्यांत चांदीचा अंशही नाही.

ग्लासभर पाण्याची परीक्षा

नुसते वजन जुळवणे बनावट नाणे करणाऱ्याला अवघड नाही. त्याने पितळ किंवा जर्मन सिल्व्हर वापरले आणि वजन बरोबर ११.६६ ग्रॅम साधले, तर नाण्याचे आकारमान वाढते, कारण हे धातू चांदीपेक्षा हलके आहेत. मग नाणे जाड होते किंवा पसरट होते. जाडी खऱ्या नाण्याइतकी ठेवली तर वजन कमी भरते. दोन्ही एकाच वेळी साधायला चांदीइतक्याच घनतेचा धातू लागतो आणि तिथेच बहुतेकांची गाडी अडते. (जर्मन सिल्व्हर या नावात चांदी आहे, धातूत ती अजिबात नसते. ते तांबे, निकेल आणि जस्त यांचे मिश्रण आहे. आपल्याकडे 'जर्मनची भांडी' म्हणतात ती तर अॅल्युमिनियमची, तिसराच धातू.)

ही घनता मोजण्याची रीत आर्किमिडीजच्या काळाइतकी जुनी आहे आणि घरच्या ओट्यावर करता येते. काट्यावर पाण्याने अर्धा भरलेला ग्लास ठेवावा आणि आकडा शून्यावर आणावा. नाण्याला बारीक दोरा बांधून ते पाण्यात पूर्ण बुडेल, पण तळाला किंवा बाजूला टेकणार नाही, असे अधांतरी धरावे. काट्यावर जो आकडा दिसेल, तो नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचा भार. नाण्याच्या कोरड्या वजनाला त्या आकड्याने भागले की घनता मिळते. ९१.७ टक्के कसाच्या चांदीची घनता सुमारे १०.३ असते, म्हणजे पूर्ण वजनाच्या खऱ्या रुपयाला काटा १.१३ ग्रॅमच्या आसपास थांबतो. पितळ किंवा जर्मन सिल्व्हरच्या त्याच वजनाच्या नाण्याला तो १.३५ च्या पुढे जातो. साठ टक्के चांदी आणि चाळीस टक्के तांबे अशा हिणकस मिश्रणाला १.१९ दाखवतो. हा फरक लहान दिसला तरी शंभरावा भाग मोजणाऱ्या काट्यावर तो स्पष्ट कळतो. नाण्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे मात्र आधी झटकून टाकावेत, नाहीतर खरे नाणेही खोटे ठरेल.

या परीक्षेला चकवणारा एक धातू आहे, तो म्हणजे शिसे. ते चांदीपेक्षा जड असल्याने त्यात कथिल मिसळून चांदीची घनता गाठता येते. पण असे नाणे मऊ असते, कडेवर नखाने दाबले तरी ओरखडा उठतो आणि वाजवले तर मातीच्या ढेकळासारखा आवाज येतो.

पाण्याची परीक्षा बाजारात उभ्या-उभ्या करणे जमत नाही, ही तिची अडचण. त्यामुळे मोठी खरेदी करायची असल्यास एक नाणे आधी विकत घेऊन, घरी तपासून, मग उरलेल्यांचे बोलणे करावे. अर्थात तपासलेले एक नाणे खरे निघाले म्हणून उरलेली खरी ठरत नाहीत. फसवणुकीची एक जुनी युक्ती याच भाबड्या समजुतीवर चालते. तिच्याकडे पुढे येऊच.

चुंबक, बर्फ आणि आवाज

नाणी विकणारे स्वतःहून चुंबक काढून दाखवतात. नाणे चिकटले नाही की 'बघा, शुद्ध चांदी' असे म्हणून मोकळे होतात. चुंबकाला चांदी चिकटत नाही हे खरे, पण तांबे, पितळ, शिसे आणि सर्वसाधारण जर्मन सिल्व्हर हेही चिकटत नाहीत. चुंबक फक्त लोखंडाचा गाभा असलेले अगदीच ओबडधोबड नाणे पकडतो. उलट, १९४७ साली निघालेला सहाव्या जॉर्जचा, मागे वाघ असलेला रुपया चुंबकाला चिकटतो आणि तरी तो अस्सल सरकारी नाणे आहे. तो शुद्ध निकेलचा आहे, एवढेच. तो चांदीचा म्हणून गळ्यात मारण्याचे प्रकार होतात आणि तिथे मात्र चुंबक कामाला येतो.

नाण्यावर बर्फाचा खडा ठेवला की तो झरझर वितळतो, ही चाचणीही अलीकडे लोकप्रिय झाली आहे. चांदी उष्णता फार चांगली वाहून नेते, त्यावर ती बेतलेली आहे. पण तांबे या बाबतीत चांदीच्या जेमतेम मागे आहे. तांब्यावर चांदीचा मुलामा दिलेले नाणे बर्फाच्या परीक्षेत हसत-हसत उत्तीर्ण होते.

आवाजाची परीक्षा जुनी आणि या दोहोंपेक्षा अधिक भरवशाची आहे. नाणे बोटाच्या टोकावर तोलून दुसऱ्या नाण्याने कडेवर हलकेच टिचकी मारली की खरा रुपया घंटेसारखा, काही क्षण रेंगाळणारा नाद देतो. ओतीव नाणे किंवा आत वेगळा गाभा असलेले नाणे बद्द वाजते. कान तयार व्हायला घरातले एखादे खात्रीचे नाणे चार-पाच वेळा वाजवून पाहावे. मात्र खऱ्या नाण्यालाही चीर गेली असेल किंवा ते एके काळी माळेत ओवण्यासाठी कडी लावून डाग दिलेले असेल, तर आवाज बिघडतो. आदिवासी आणि ग्रामीण स्त्रियांच्या गळ्यात रुपयांच्या माळा असत. त्या मोडून आलेली नाणी बाजारात बरीच दिसतात. कडेवर वरच्या बाजूला डागाची खूण दिसली तर नाणे खोटे नव्हे, पण संग्राहकाच्या लेखी त्याची किंमत चांदीपुरतीच.

पाडलेले आणि ओतलेले

टांकसाळीत नाणे 'पाडले' जाते: धातूच्या चकतीवर दोन्ही बाजूंनी पोलादी ठसे प्रचंड दाबाने आदळतात. बनावट नाणे करणारा बहुधा खऱ्या नाण्याचा साचा घेऊन त्यात धातू ओततो. या दोन कृतींच्या खुणा भिंगाखाली वेगळ्या दिसतात. पाडलेल्या नाण्याची अक्षरे सपाट माथ्याची आणि उभ्या कडांची असतात, अक्षरांमधली मोकळी जागा तुकतुकीत असते. ओतीव नाण्याची अक्षरे साबणाच्या वडीवरच्या नावासारखी गोलसर आणि ढिली दिसतात. मोकळ्या जागेत सुईच्या अग्राएवढी छिद्रे असतात आणि ती झाकण्यासाठी नाण्यावर काळा रंग किंवा चिकट मळ चोळलेला असतो.

झीज कुठे आहे, हेही पाहण्यासारखे. खरे नाणे उंचवट्यावर झिजते. राणीच्या कानावरचे केस, मुकुटाची कड आणि गाल आधी सपाट होतात. खोलगट जागेतली बारीक नक्षी शाबूत राहते. साच्यातून काढलेल्या नाण्यावर सगळेच सारखे पुसट असते, खोलगट भागसुद्धा. झिजलेल्या नाण्याचा साचा घेतल्याचा हा परिणाम.

सर्वांत सोपी खूण मात्र भिंगाशिवाय दिसते. एकाच राशीतली दोन-तीन नाणी शेजारी मांडावीत. गालावरचा तोच ओरखडा, कडेवरची तीच ठेच दोन नाण्यांवर नेमकी त्याच जागी असेल, तर दोन्ही एका साच्याची भावंडे आहेत. शंभर वर्षांच्या प्रवासात दोन नाण्यांना एकसारखी जखम होत नाही.

नाण्याची कड तर आवर्जून पाहावी, कारण विक्रेते ती क्वचितच दाखवतात. खऱ्या रुपयाच्या कडेवरचे दाते सरळ, सारख्या अंतराचे आणि पूर्ण वर्तुळभर असतात. ओतीव नाण्याच्या कडेवर साच्याचे दोन भाग जुळल्याची बारीक रेघ राहते. ती कानशीने घासली तर त्या जागचे दाते पुसट होतात.

साल आणि चेहरा

बनावट नाणी करणाऱ्यांचा इतिहास कच्चा असतो, हा खरेदीदाराचा मोठाच आधार आहे. १८४० आणि १८६२ च्या रुपयांवर व्हिक्टोरियाचा उल्लेख 'क्वीन' असा आहे; १८७७ पासून तो 'एम्प्रेस' झाला. 'एम्प्रेस' असे लिहिलेला आणि १८६२ साल असलेला रुपया असूच शकत नाही. त्यातही गंमत अशी, की १८६२ हेच साल पुढे १८७४ पर्यंत टांकसाळीने रुपयांवर कायम ठेवले आणि वर्षांचा फरक बारीक ठिपक्यांनी दाखवला. त्यामुळे चलनातल्या रुपयावर १८६३ ते १८७३ यांपैकी एखादे साल दिसले, तर पुढे बघण्याची गरज नाही. सातव्या एडवर्डचा रुपया १९०३ ते १९१० मधला आणि त्याच्या डोक्यावर मुकुट नाही. आठव्या एडवर्डने १९३६ साली जेमतेम वर्षभर राज्य केले. त्याच्या चेहऱ्याचा रुपया भारतात चलनात आलाच नाही. पाचव्या जॉर्जच्या रुपयावर मागच्या बाजूला फारसी लिपीत 'यक रुपया' असे कोरलेले असते. ही लिपी न वाचता येणाऱ्या कारागिराच्या हातून तिथे नुसती वेटोळी उमटतात.

दोन सालांची नाणी हौशी संग्राहक शोधत असतात आणि म्हणून ती सर्वांत अधिक बनावट निघतात. पहिले १९११ चे. त्या वर्षीच्या पाचव्या जॉर्जच्या रुपयावर राजाच्या झग्यावर हत्तीचे चित्र होते. पण त्याची सोंड इतकी आखूड उमटली, की तो हत्ती नव्हे, डुक्कर आहे, असा बोभाटा झाला. सरकारने नाणे मागे घेतले आणि १९१२ पासून सोंड नीट दिसेल असा ठसा वापरला. त्यामुळे १९११ च्या रुपयाला इतर सालांपेक्षा अधिक भाव येतो. एखाद्या १९१२ किंवा १९१७ च्या नाण्याचा शेवटचा आकडा खरवडून १९११ केला, तर हत्तीची लांब सोंडच त्याची चहाडी करते. आकडा तपासण्यापेक्षा हत्ती तपासावा, हे बरे.

दुसरे साल १९३९. सहाव्या जॉर्जचा उंची चांदीचा १९३९ चा रुपया दुर्मीळ आहे आणि १९३८ चा त्या मानाने सहज मिळतो. आठाचा नऊ करणे हे हस्तकौशल्याचे, पण साधे काम आहे. शेवटच्या आकड्याची उंची, जाडी आणि त्याच्या भोवतालची जमीन शेजारच्या आकड्यांशी ताडून पाहावी. भोवती घासल्याची चमक किंवा खळगा असेल, तर सौदा सोडून द्यावा. हे नाणे फुटपाथवर 'चुकून स्वस्तात' सापडण्याची कल्पना सुखद असली, तरी नाण्यांचा व्यापार करणाऱ्या माणसाला १९३९ ची महती ठाऊक नसते, यावर विश्वास ठेवणे कठीण आहे.

खरे नाणे, अर्धी चांदी

खोट्या नाण्यापेक्षाही अधिक लोक फसतात ते खऱ्या नाण्याने. दुसऱ्या महायुद्धात चांदीची टंचाई झाली, तेव्हा १९४० पासून रुपयातली चांदी ९१.७ टक्क्यांवरून थेट ५० टक्क्यांवर आणण्यात आली. उरलेल्यात ४० टक्के तांबे आणि निकेल व जस्त प्रत्येकी ५ टक्के. वजन तेच, आकार तोच, राजा तोच. पुढच्या तीन-चार वर्षांत राणीचे आणि राजांचे जुने उंची रुपये सरकारने चलनातून काढून घेतले. १९४० ते १९४५ या सालांचा रुपया अस्सल आहे, पण त्यात चांदी ५.८३ ग्रॅम, म्हणजे राणीछापच्या जेमतेम निम्मी. चादरीवर तो 'जॉर्ज, चांदी, एकच भाव' या गटात बसलेला असतो.

सालाबरोबर त्याची कडही त्याला ओळखून देते. याच काळात बनावटगिरीला आळा घालण्यासाठी सरकारने सुरक्षा-कड आणली: दात्यांच्या मधोमध, कडेला फिरणारी खोबण. अशी कड दिसली की चांदी अर्धी समजावी. पाण्याच्या परीक्षेत हे नाणे १.२२ ग्रॅमच्या आसपास आकडा दाखवते.

स्वातंत्र्यानंतरचा १९५० चा रुपया निकेलचा होता. पुढे १९६९ साली गांधी जन्मशताब्दीनिमित्त १० रुपयांचे नाणे ८० टक्के चांदीत काढण्यात आले, वजन १५ ग्रॅम. त्याच मालिकेतला एक रुपया मात्र निकेलचा आहे. गांधीजींचे चित्र म्हणजे चांदी, असे समीकरण मांडू नये.

पूजेचे नाणे आणि जमिनीत सापडलेला हंडा

दिवाळीत सराफ व्हिक्टोरिया किंवा पाचव्या जॉर्जचे चित्र असलेली १० ग्रॅमची नवी नाणी विकतात. ती नवी म्हणून विकली जातात तोवर त्यात गैर काही नाही. अडचण पुढे येते. चार-पाच वर्षांनी ती मोडीत जातात, काळी पडतात आणि जुन्या बाजारात 'शंभर वर्षांपूर्वीची' म्हणून अवतरतात. त्यांना काट्यावर ठेवणे पुरेसे आहे.

चांदीची 'शिवराई' हा असाच प्रकार. शिवकालीन नाणी म्हणून ओळखली जातात ती सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई. चांदीत पाडलेली शिवराई ही आठवण म्हणून ठेवायची वस्तू आहे, तिला ऐतिहासिक नाण्याचा भाव देण्याचे कारण नाही. ईस्ट इंडिया कंपनीचे नाव, १६१६, १७१७ किंवा १८१८ असे साल आणि राम-लक्ष्मण-सीता किंवा हनुमान यांचे चित्र असलेली नाणी तर लाखोंच्या किमती सांगून विकली जातात. कंपनीने अशी नाणी कधी पाडलीच नाहीत.

सर्वांत घातक असतो तो खोदकामाचा बनाव. मजुरासारखा दिसणारा माणूस दबक्या आवाजात सांगतो, की पाया खणताना हंडा सापडला, मुकादमाला कळण्याआधी विकायचा आहे. तो एक-दोन नाणी देतो आणि 'सराफाकडे दाखवून या' असे स्वतःच सुचवतो. ती खरी निघतात. मग ग्राहक साठवलेले पैसे घेऊन येतो आणि त्याच्या हाती पडते ती पितळेची पोतडी. यात विकत घेणाऱ्याची तक्रार करण्याची पंचाईत होते, आणि तेच या बनावाचे बळ आहे. १८७८ च्या भूमिगत धनविषयक कायद्यानुसार जमिनीत सापडलेले दहा रुपयांहून अधिक मोलाचे धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. म्हणजे गोष्ट खोटी असेल तर पैसे गेले आणि खरी असेल तर व्यवहार बेकायदा.

भाव काय सांगतो

वर्तमानपत्रात चांदीचा भाव किलोला दिलेला असतो. त्याला हजाराने भागून १०.७ ने गुणले की राणीछाप रुपयातल्या चांदीचे त्या दिवसाचे मोल निघते. अर्ध्या चांदीच्या रुपयासाठी ५.८ ने गुणावे. सामान्य सालाचा, झिजलेला रुपया या आकड्याच्या थोड्या वर विकला जाणे स्वाभाविक आहे. तो बऱ्याच खाली मिळत असेल, तर एकच प्रश्न स्वतःला विचारावा: विक्रेता हे नाणे पलीकडच्या गल्लीतल्या सराफाला वितळवण्यासाठी का देत नाही? जुन्या नाण्यांच्या बाजारात मूर्ख विक्रेते फार काळ टिकत नाहीत.

हाच हिशेब विकणाऱ्याच्याही कामाचा आहे. आजीच्या पेटीतले रुपये मोडायला नेणाऱ्या अनेकांना 'कस कमी आहे' असे सांगून निम्म्या भावात पटवले जाते. साल १९४० च्या आधीचे आणि वजन बरोबर असेल, तर कस काय असायला हवा, हे ठरलेलेच आहे. ते नाणे १९११ चे असेल, तर ते वितळवणे हा तर निव्वळ तोटा. विकण्याआधी चिंच लावून किंवा पावडरीने घासून नाणी चकचकीतही करू नयेत. संग्राहकाला काळवंडलेले नाणे हवे असते.

शंका उरलीच तर सराफाकडे किंवा हॉलमार्किंग केंद्रात एक्सआरएफ यंत्रावर तपासणी करता येते. नाण्याला न दुखावता धातूंचे प्रमाण कळते, हा तिचा मोठा गुण. पण ते यंत्र पृष्ठभागाजवळचाच धातू वाचते. जाड मुलामा दिलेला असेल तर फसू शकते. म्हणून त्याच्या जोडीला वजन आणि पाण्याची परीक्षा हवीच. कसोटीच्या दगडावर घासणे किंवा आम्लाचा थेंब टाकणे हे दागिन्याला ठीक; संग्रहाच्या नाण्यावर त्याचा डाग कायमचा राहतो. प्लास्टिकच्या पेटीत बंद करून आलेली, एनजीसी किंवा पीसीजीएस या अमेरिकन संस्थांचे प्रमाणपत्र असलेली नाणीही बाजारात दिसतात. त्या पेट्याही बनावट निघतात. पेटीवरचा क्रमांक संबंधित संस्थेच्या संकेतस्थळावर तपासून, तिथल्या छायाचित्राशी नाणे ताडून पाहावे.

डोळा तयार करायला खरी नाणी पाहण्यासारखा उपाय नाही. नाशिकजवळ अंजनेरी येथील नाणेशास्त्र संशोधन संस्थेचे संग्रहालय त्यासाठी आवर्जून पाहण्यासारखे आहे.

खरेदी झाल्यावर पावती घ्यावी आणि तीवर नुसते 'जुने नाणे' नव्हे, तर साल, राजाचे नाव, धातू आणि वजन लिहून मागावे. 'खोटे निघाल्यास परत' हे शब्दही हवेत. विक्रेत्याने हे लिहायला नकार दिला, तर त्याचे मत त्याने सांगितलेच आहे. जुन्या नोटा-नाणी विकून देतो, त्यासाठी आधी शुल्क भरा, असे रिझर्व्ह बँकेचे नाव घेऊन कोणी सांगितले, तर तो हमखास ठक समजावा. अशा व्यवहारांसाठी आपण कोणालाही अधिकार दिलेले नाहीत आणि शुल्कही घेत नाही, असे बँकेने २०२१ मध्येच जाहीर केले आहे. परदेशात स्थायिक झालेल्या मुला-नातवंडांसाठी नाणी पाठवू पाहणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे: १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे पुरावशेष ठरते आणि ते खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही.

खोटे नाणे खरे म्हणून विकणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीचा गुन्हा आहे. फसलेल्याने नाणे आणि पावती जपून ठेवून पोलिसांकडे जावे. नुकसान भरून काढण्यासाठी तेच नाणे दुसऱ्याला खरे म्हणून विकले, तर तो स्वतःच त्या कलमाच्या कक्षेत येतो.